दाभोळची खाडी, सत्तावीस वर्षांनी

१९९८ सालची गोष्ट. दापोलीच्या कृषी महाविद्यालयात आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. एका रविवारी बाजारपेठेतून तासाच्या भाड्याने दोन लेडीज सायकली घेतल्या आणि कुणाला न सांगता दाभोळ गाठलं. धक्क्यावर सायकली भिंतीला टेकवल्या. समोर वाशिष्ठीची खाडी आणि पलीकडे धोपावे. गाड्या नेणारी जंगल जेटी तेव्हा नव्हती, तरीवाले होते. त्यांतला एक म्हणाला, "सायकली घालतो होडीत, पण येताना होडी कधी मिळेल ते पाण्यावर." होस्टेलचं गेट संध्याकाळी सातला बंद व्हायचं. आम्ही थोडा वेळ पाण्याकडे बघत बसलो आणि परत फिरलो. येताना चढावर सायकली हातात धरून चालत होतो. अर्ध्या वाटेत बाय एकदाच बोलली, "पलीकडे जायला पाहिजे होतं."

बाय म्हणजे माझी मैत्रीण. तिचं खरं नाव मी कधी घेतलेलंच नाही. होस्टेलच्या पहिल्या आठवड्यापासून ती मला बाय म्हणते आणि मी तिला. ती दापोलीतच राहिली, तिथेच नोकरी, तिथेच सासर. मी रत्नागिरीला, घरच्या हापूसच्या बागेत. फोन आठवड्याला होतो, भेट वर्षातून एकदा कशीबशी. गेल्या नोव्हेंबरात तिचा फोन आला तो थेट असाच: "बाय, धोपाव्याला जायचं राहिलंय. जानेवारीत जाऊ. आणि नुसतं धोपाव्याला नाही, तुझ्या दारापर्यंत जाऊ."

दापोली ते रत्नागिरी, समुद्राच्या कडेकडेने, दोन खाड्या ओलांडून. साधारण एकशे तीस किलोमीटर. एका दिवसात.

अडीच महिने आम्ही आपापल्या गावात सायकल चालवली. मी पहाटे भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत जाऊन यायचे, ती ऑफिसला सायकलने जायला लागली. कुठल्या दिशेने जायचं यावर मात्र बराच वाद झाला. तिचं म्हणणं, रत्नागिरीहून सुरू करू, म्हणजे मी शेवटी घरी पोचेन. मी म्हटलं, बाय, हवामानशास्त्राचा तास आठव. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, गार आणि हलका. दुपारी जमीन तापली की खारा वारा सुटतो, तो वायव्येकडून येतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. दक्षिणेकडे तोंड करून निघालो तर दमलेल्या वेळी तो पाठीत लागेल, उत्तरेकडे निघालो तर छातीवर. शिवाय रत्नागिरीहून निघालं तर शेवटी दाभोळहून दापोलीचा चढ, तोही अंधारात. ती म्हणाली, "बरं, तुझं खरं." तेव्हा सायकली हातात धरून चढलेला तो चढ तिलाही आठवत असणार.

आदल्या रात्री एसटीने तिच्याकडे गेले. माझी सायकल दोन दिवस आधीच ओळखीच्या टेम्पोतून पोचवली होती. तिच्या सासूबाईंनी रात्री दशम्या करून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, शेंगदाण्याचे लाडू वेगळे. पाण्याच्या बाटलीत कोकमचं आगळ, साखर आणि वरून चिमूटभर मीठ. बाजारात पुड्या मिळतात त्या घ्यायच्या की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण कोकणातल्या उन्हात मला आगळाइतकं दुसरं काही मानवत नाही.

पावणेसहाला निघालो. पूर्ण काळोख होता, बऱ्यापैकी थंडी होती. सायकलच्या दिव्यात दहा-बारा फूट रस्ता दिसायचा, बाकी वासावर. शेणाने सारवलेल्या अंगणाचा वास आला की वाडी आली, काजूच्या पालापाचोळ्याच्या धुराचा आला की पुढे कुणीतरी शेकत बसलंय. दाभोळपर्यंतचे अठ्ठावीस किलोमीटर बोलणं जवळजवळ नाहीच. शेवटचा उतार लागला तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि खालून खाडीची ओली हवा तोंडावर आली. मी ब्रेक धरले. या वेळी दोन्ही ब्रेक लागत होते.

जंगल जेटी धक्क्याला लागलेलीच होती. पुढचा लोखंडी पाट काँक्रीटवर खरडत खाली आला. एक मासळीचा टेम्पो, दोन मोटारी, सात-आठ मोटारसायकली आणि आम्ही. बोटीवरच्या मुलाने टेम्पोच्या चाकाला लाकडी उटी लावली, मग आमच्या सायकलींकडे बघितलं आणि काही न बोलता त्या कठड्याला दोरीने बांधून टाकल्या. गाठ इतकी सफाईने मारली की बाय त्याला म्हणाली, "परत एकदा दाखव." त्याने सोडून परत मारून दाखवली.

खाडी ओलांडायला दहाएक मिनिटं लागली असतील. वाशिष्ठी चिपळूणकडून येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिच्यात कोयनेचंही पाणी असतं याचा मला नेहमी अचंबा वाटतो. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी बोगद्यांतून खाली आणून पोफळीला त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सुटतं. जे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते इथे दाभोळला आपल्या समुद्राला मिळतं. हे मी बायला सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. ती पुढच्या कठड्याशी जाऊन उभी होती.

धोपाव्याला उतरल्यावर तिने सायकल बाजूला उभी केली, चार पावलं चालली आणि मागे वळून दाभोळकडे बघत राहिली. धक्का, धक्क्यामागची घरं, नारळ. "तिथे उभ्या होतो आपण," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आम्ही दोघीही सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या, दोघींनी मधल्या काळात काय काय पाहिलं, किती जणांना पोचवून आलो. ते सगळं त्या दहा मिनिटांच्या पाण्यापलीकडे राहिल्यासारखं वाटलं. मला भरून आलं. तिने माझा हात एकदा घट्ट दाबला आणि म्हणाली, "चल, चढ आहे."

चढ होताच. इथल्या किनाऱ्याने सायकल चालवायची म्हणजे काय ते न पाहिलेल्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं समुद्राच्या कडेने जायचं, म्हणजे सपाट असणार. पण आपली गावं सगळी खाली, जिथे व्हाळ किंवा खाडी समुद्राला मिळते त्या चिंचोळ्या पट्टीत, नारळी-पोफळीच्या बागांत. दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचं उघडं खडकाळ पठार. त्यामुळे रस्ता प्रत्येक गावाला खाली उतरतो, पुलावरून जातो आणि लगेच वर चढतो. उतार मिळाला म्हणून आनंद करायला जावं तर समोर पुढचा चढ दिसतच असतो. असं दिवसभर. घाटासारखा एकच लांब चढ नाही की एकदा सूर लागला की झालं. सूर लागेपर्यंत चढ संपतो आणि पाय गार पडले की पुढचा सुरू.

उजव्या हाताला वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसायला लागल्या. कंपनी बदलून वीस वर्षं झाली तरी रिक्षावाले अजून एन्रॉनच म्हणतात. आमच्या कॉलेजच्या दिवसांत जिल्ह्यात दुसरा विषयच नव्हता. तिथून पुढे गुहागर. गुहागरात शिरताना मला दरवेळी बरं वाटतं. एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यांमागे पोफळी, आणि रस्त्यावर सावलीचे पट्टे. व्याडेश्वराच्या देवळाबाहेर चपला काढून दोन मिनिटं आत बसलो. लादीचा गारवा तळपायांतून वर येत होता. बाहेर येऊन पोहे, चहा, परत चहा. सव्वानऊ झाले होते, पंचेचाळीस किलोमीटर झाले होते आणि आम्हाला वाटायला लागलं होतं की हे सोपं आहे.

पालशेतच्या पुढच्या चढावर माझ्याकडून चूक झाली. ती लिहायलाच हवी.

मला चढावर थांबता येत नाही. पाय एका लयीत फिरायला लागले की मान खाली घालून वर जाऊन पोचायचं, मग थांबायचं. बाय चढावर सावकाश असते, सपाटीवर ती मला मागे टाकते. एवढं माहीत असून मी त्या चढावर पुढे गेले ते गेलेच. वर सड्यावर पोचले, सावली शोधली, पाणी प्यायले, लाडू खाल्ला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. सड्यावर फोनला रेंज नव्हती. वीस मिनिटांनी सायकल फिरवून खाली गेले, तर शेवटच्या वळणाच्या अलीकडे ती रस्त्याच्या कडेला बसलेली. सायकल आडवी पडलेली. उजव्या पोटरीत गोळा आला होता आणि पाय सरळच होत नव्हता. बाटली सायकलला होती, सायकल चार हात खाली, आणि तिला उठून तिथवर जाता येत नव्हतं.

मी तिचा बूट काढला, टाच तळहातात धरून पावलाचा चवडा हळूहळू तिच्या गुडघ्याकडे दाबला. पोटरी दगडासारखी झाली होती. आतला स्नायू बोटांखाली उडताना कळत होता. मिनिटभराने तो सैल पडायला लागला. मी आगळाचं पाणी घोट घोट पाजलं. ती रागावली नव्हती. "हाक मारली होती," एवढंच म्हणाली. वाऱ्याने ती माझ्यापर्यंत आलीच नव्हती. मला फार अपराधी वाटलं. मी तिला तेव्हाच सांगितलं, आता रत्नागिरीपर्यंत तू पुढे, मी मागे. आणि तसंच गेलो. मागून गेल्यावर मला तिची चाल पहिल्यांदा नीट दिसली: चढाच्या आधी ती खांदे सोडते, गिअर लवकर उतरवते आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजते. वीस झाले की परत एकपासून. तिच्या मागे राहून मी चढले ते चढ मला जास्त सोपे गेले. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, इथे वाचेल तेव्हा कळेल.

हेदवीला दशभुज गणपतीच्या देवळात जायचं ठरलेलं होतं, पण दुपार झाली होती आणि पायऱ्या बघून दोघींनी खालूनच हात जोडले. बामणघळ तर सोडलीच. भरतीला त्या कपारीत पाणी घुसून माडाएवढं उसळतं ते मी लहानपणी बाबांचा हात धरून पाहिलंय, पण आत्ता ओहोटी होती. झाडाखाली दशम्या सोडल्या. गूळ, तूप, दुधात भिजवलेलं पीठ. सकाळपासूनचं ऊन खाऊन त्या अजून मऊ झाल्या होत्या.

मग नरवणच्या पुढे पंक्चर. माझं, मागचं चाक. उतारावर सायकल एकदम जड झाली आणि मागून फत फत आवाज यायला लागला. जवळच एक घर होतं. खळ्यात लालभडक सुपारी वाळत पसरलेली, आणि एक आजी पाटावर बसून अडकित्त्याने सोललेल्या सुपाऱ्या फोडून बघत होत्या. आम्ही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पोरींनो, सावलीत घ्या ती सायकल." पोरींनो! बायने माझ्याकडे बघितलं आणि दोघींचे चेहरे खुलले.

चाक काढलं, लिव्हरने टायर सोडवला, ट्यूब ओढून बाहेर घेतली आणि पंपाने थोडी फुगवली. आजी आतून घमेल्यात पाणी घेऊन आल्या. ट्यूब वीत वीत पाण्यात बुडवत फिरवली. दोनदा पूर्ण फिरवली तरी बुडबुडा नाही. तिसऱ्यांदा आजींनीच बोट ठेवलं, "हा बघ, इथं." टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, एकामागून एक, अगदी सावकाश. जागा पुसली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावून वाळायला ठेवलं. तोवर टायरच्या आतून बोट फिरवलं, कारण काटा तसाच राहिला तर पुढच्या किलोमीटरला परत तेच. बोटाला काही लागेना. शेवटी टायर उलटा करून उन्हाकडे धरला तेव्हा दिसला. करवंदीचा काटा, बाहेरून मोडलेला, आत तांदळाच्या कणीएवढा. बायने तो नखाने उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आजी म्हणाल्या, "एवढासा काटा आणि एवढी बाई थांबवली." निघताना त्यांनी दोन शहाळी पुढे केली. पैसे विचारले तर हातच हलवला. मी आमच्या बागेचा पत्ता दिलाय, मे महिन्यात कुणी आलं तर पेटी न्यायला. कुणी आलं नाही तर मी पोचवणार आहे.

वाटेत दोन्ही बाजूंच्या कलमांवर मोहोर होता, पण आमच्याकडे होता तसाच: काही फांद्यांवर कणी धरलेली, शेजारच्या फांदीवर मोहोर नुकता फुटलेला. असं दोन टप्प्यांत आलं की फवारणीचं गणित बिघडतं. आम्ही दोघी सायकलवरून तुडतुड्यांवर, म्हणजे मोहोरावरच्या किडीवर, इतकं बोललो की एक वळण चुकलो आणि अर्धा किलोमीटर परत यावं लागलं.

तवसाळच्या उतारावर समोर जयगडची खाडी एकदम उघडते. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडे किल्ल्याची तटबंदी आणि बंदरातली मोठी जहाजं, अलीकडे होड्या. बोट नुकतीच सुटली होती, त्यामुळे पाऊण तास धक्क्यावर. माझी आजी या जयगडला मुंबईहून बोटीने यायची. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची, मग पडावातून काठापर्यंत, पदर खोचून, ट्रंक डोक्यावर. हे ऐकत मी मोठी झाले, पण जयगडला पाण्यावरून जायची माझी ही पहिलीच खेप.

धक्क्यावर एक गृहस्थ गाडीत आईला घेऊन रत्नागिरीला डॉक्टरकडे निघाले होते. मागच्या सीटवर त्या उशीला टेकून होत्या. ते म्हणाले, "दिवसा ठीक आहे हो. रात्री बोट नसते. मग अख्खी खाडी वळसा घालून जायचं." रेवस ते रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. मला ही जेटी फार आवडते, सायकलवरून आलेल्या माणसाला ती बसवते, समोरचं पाणी दाखवते, अनोळखी माणसांशी बोलायला लावते. पण त्या आजारी बाईंचा चेहरा पाहिल्यावर मला दुसरं काही म्हणता येत नाही. पूल लवकर व्हावेत. बोट लागल्यावर सगळ्यांनी न सांगता त्यांची गाडी आधी चढू दिली.

जयगडपासून खारा वारा आला आणि मी सांगितला होता तसाच पाठीत आला. मालगुंड, गणपतीपुळे. पुळ्याला रविवारची गर्दी होती, गाड्यांच्या मधून वाट काढत निघालो, थांबलो नाही. नेवरे गेलं. बाय पुढे होती आणि तिचं आकडे मोजणं थांबलं होतं, त्याऐवजी ती गुणगुणत होती.

आरे-वारेचा चढ आमच्या वाटेतला शेवटचा मोठा. वर वळणावर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. खाली एका बाजूला आऱ्याची पुळण, दुसऱ्या बाजूला वाऱ्याची, मध्ये हा डोंगराचा नाकाडा आणि त्याच्यावर आम्ही. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. तिथे थांबलेल्या पर्यटकांपैकी एका मुलीने विचारलं, "काकू, कुठून आलात?" बायने उत्तर दिलं, "दाभोळहून." दापोली नाही म्हणाली, दाभोळ म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती.

अंधारात दिवे लावून शिरगावमार्गे घरी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. सासऱ्यांनी दोघींना आधी पाटावर बसवून गरम पाण्याने पाय शेकायला लावले, मग जेवायला वाढलं. कुळथाचं पिठलं आणि भात. बायने तीनदा भात घेतला. रात्री दोघींनाही झोप येईना, मांड्या ठणकत होत्या. एकमेकींच्या पोटऱ्यांना खोबरेल चोळत होस्टेलच्या मुलींची नावं आठवत बसलो, कोण कुठे आहे, कोण गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीने परत गेली. सायकल नेली नाही. म्हणाली, "राहू दे इथेच. फेब्रुवारीच्या शेवटी येते, मग पूर्णगड, आंबोळगड करत विजयदुर्गापर्यंत जाऊ." पडवीत माझ्या सायकलला टेकून तिची सायकल उभी आहे. कठड्याला बांधलेली ती दोरीची गाठ मी तिच्या हँडलवर मारून बघतेय. मला अजून जमलेली नाही, तिला तिथेच बोटीवर जमली होती.